एक्कावन्न टक्के

आण्णा, तुमचा कारखाना बंद झाला. हे आधीच सांगून टाकते, कारण आडून आडून बोललेलं तुम्हाला कधी खपलं नाही. आग लागली नाही, काही उडालं नाही, कुणाच्या अंगावर ओरखडाही आला नाही. सह्या झाल्या, मशीनं ट्रकवर चढली आणि फाटकाला कुलूप लागलं. ते कुलूप तुमच्या मुलानं लावलं. हेही आत्ताच सांगते, म्हणजे पुढचं लिहायला मला जरा धीर येईल. मी अजून त्यांचं नाव घेत नाही, 'हे' म्हणते. तुम्ही चिडवायचात, की शिकलेली सून आणि नवऱ्याचं नाव घ्यायला लाजते. आता सवयच झाली.

तुम्ही मला बघायला आळेफाट्याला आलात, तो दिवस आठवतो. माझ्या वडिलांचं गॅरेज नगरच्या रस्त्याला, घर गॅरेजच्या मागं. दिवसभर ट्रकांचे हॉर्न, म्हणून आमच्याकडं सगळेच मोठ्यानं बोलायचे. तुम्ही तेवढे हळू बोलत होतात. हे तुमच्या शेजारी मान खाली घालून बसलेले. पोह्यांची बशी हातात तशीच धरून तुम्ही मला विचारता, "बीएस्सीला इषय कुठला?" मी म्हणते, केमिस्ट्री. "मंग सांग, गंधक आणि क्लोरेट खलबत्त्यात कुटलं तर काय व्हईल?" माझी आई घाबरून माझ्याकडं बघते, तिला वाटतं पोरगी नापास होणार. मी म्हणते, "कुटायचं नाही." तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि माझ्या वडिलांना म्हणालात, "पावणं, मला पसंत हाय." लग्नानंतर कितीतरी वर्षं हे मला हसून म्हणायचे, की आण्णा माझ्यासाठी बायको बघायला गेले नव्हते, कारखान्यासाठी केमिस्ट बघायला गेले होते. तेव्हा आपल्या घरात हसणं होतं.

अंगावरची हळद उतरायच्या आत तुम्ही मला कारखान्यावर नेलंत. घोडेगावकडं जाताना रस्ता सोडून आत तो मुरमाड माळ, कुसळाशिवाय काही न उगवणारा. त्यावर लांब लांब अंतरानं एकेक खोली आणि दोन खोल्यांमध्ये मातीचा उंच बांध. मला वाटलं, पाणी अडवायला घातलेत. "एक खोली गेली तर दुसरी ऱ्हावी म्हणून," तुम्ही म्हणालात. जोतं कशाला उंच घेतलं, हे सांगावं तसं सांगितलंत. फाटकाशी एक फळी होती, फळीला खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एकेक मंगळसूत्र. आत कामाला गेलेल्या बायकांची ती. धातू अंगावर घेऊन आत जायचं नाही. तुम्ही रिकाम्या खिळ्याकडं बोट दाखवलंत. मी नवी नवरी, माझा हात गळ्याकडं जाईना. "नवरा डोरल्यानं जगत न्हाई, पोरी. काढ." मी काढलं. मग तुम्ही माझ्या साडीचा काठ चिमटीत धरून बघितलात आणि सगळ्या बायकांसमोर म्हणालात, "नायलॉन. हिची ठिणगी डोळ्याला दिसत बी न्हाई. घरी जा आणि सुती नेसून ये." माहेरची, आईनं हौसेनं घेतलेली साडी होती ती. मी जीपमध्ये रडत घरी आले. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांचं जुनं सुती लुगडं दिलं आणि म्हणाल्या, "त्यांचं बोलनं मनाला लावून घिऊ नकू. त्यांनी मला बी असंच परत धाडलं व्हतं." आठवड्यानं तुम्ही नारायणगावातून चपलांचा एक जोड आणलात. मुद्दाम शिवून घेतलेला, एकही खिळा नसलेला, सगळा दोऱ्यावर. माझ्यासमोर ठेवलात. "त्या दिशी लई बोललो," एवढंच म्हणालात. माझ्या वडिलांनी मला दिलेल्या कुठल्याच वस्तूनं मी इतकी हरखले नव्हते.

आपण काय बनवायचो हे हल्लीच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. विहिरीच्या खडकात भोक पाडून सुरुंग ठासायचा, तर तो पेटवायला वात लागते, आणि वातीच्या टोकाला टोपी. टोपी म्हणजे करंगळीएवढी ॲल्युमिनियमची नळी, आत चिमूटभर पावडर दाबून भरलेली. ते दाबण्याचं काम प्रेसच्या खोलीत, आणि सगळ्यात जपून वागायची खोली तीच. जुन्नर-आंबेगावच्या काळ्या पाषाणात उतरलेल्या कितीतरी विहिरी आपल्या वातीवर उतरल्या. त्याच टोपीची एक नाजूक बहीण फौजेसाठी जायची, तोफेच्या गोळ्यात बसणारी. एकूण कामाच्या मानानं ते काम थोडंच, पण देशात ते करणारे मोजके होते आणि त्या मोजक्यांत आपण. ते काम चालायचं त्या खोलीचं नाव तुम्ही घरातसुद्धा काढू देत नव्हतात. देव्हाऱ्याबद्दलही तुम्ही कधी इतके हळवे नव्हतात.

ते तसं का, हे मला लेण्याद्रीला कळलं. लग्नानंतर आपण सगळे दर्शनाला गेलो होतो. हे आणि आई पुढं निघून गेले, तुम्ही मात्र लेण्याच्या भिंतीवरचे छिन्नीचे घाव हातानं चाचपत उभे. "ह्यांना आपली वात लागली न्हाई," म्हणालात आणि पायरीवर टेकलात. मग सांगितलंत. तरुणपणी तुम्ही मुंबईच्या बाजूला अशाच एका मोठ्या कारखान्यात होतात. निम्म्याहून जास्त मालकी बाहेरच्या देशातल्या कंपनीची. लढाई लागली. लोक कामावर हजर, मशीनं तेल घालून तयार, गोदामात तयार माल. आणि तिकडून तार आली, आमच्या सरकारनं ठरवलंय, दोन्ही देशांना माल देणं बंद. "फौजंचा एक साहेब सकाळधरनं बाकावर बसून व्हता. सारखा घड्याळात बघायचा. आमच्या मॅनेजरला कळंना काय सांगावं. मंग त्यो साहेब मला म्हणला, भाऊ, पानी मिळंल का? म्या पानी दिलं. कुलपाच्या आत माल व्हता, पोरी. आपल्याच लोकांनी केलेला. आणि म्या त्याला पानी दिलं." एवढं बोलून तुम्ही उठलात. पुढं काय झालं, तो माल कधी सुटला, हे मी कधी विचारलं नाही. मला एवढं समजलं, की तुम्ही तो माळ विकत घेतलात तो त्या एका पेल्याच्या लाजेपायी.

मग ती दुपार आली. धनगरवाड्यावरची ती, माझ्याच वयाची, तुम्ही जिला 'हसरी' म्हणायचात. सासरच्यांची मेंढरं कमी झाली म्हणून कामाला आलेली. प्रेसच्या खोलीत पाळी तिची होती. तिची चूक नव्हती, कुणाचीच नव्हती. पावडर कधी कधी नुसती रागावते, असं तुम्हीच म्हणायचात. आवाज फार मोठा झाला नाही. बांधामागून धूर वर आला, आणि हे माझ्या आधी धावले. तिला उचलून जीपमध्ये घातलं, मंचरला नेलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि एक डोळा. संध्याकाळी हे घरी आले ते तसेच अंगणात उभे राहिले. मी पाणी पुढं केलं, तर म्हणाले, "तिनं मला गाडीत विचारलं, माझं डोरलं खिळ्यालाच ऱ्हायलं, कुणी घेनार तर न्हाई ना." त्यानंतर कित्येक दिवस हे अर्ध्या जेवणावरून उठायचे.

तुम्ही तिला सोडलं नाहीत, हे खरं. ती बरी झाल्यावर तिला फाटकावर बसवलंत, पगार तोच ठेवलात, तिच्या पोरींच्या लग्नात उभे राहिलात. पण यांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. हे एका बाहेरच्या देशातल्या कंपनीचा कारखाना बघून आले. तिथं प्रेसच्या खोलीत माणूसच नाही. जाड भिंतीच्या पलीकडं बसून पडद्यावर बघत मशीन चालवायचं. उडालं तर लोखंड उडेल. यांनी बँकांचे उंबरे झिजवले, पण आपल्याएवढ्या कारखान्याला कोण उभं करतं? विहिरी तोवर पोकलेननं खोदायला लागलेले लोक, वात कोण घेतंय? मोठे कारखाने आपल्यापेक्षा स्वस्तात टोपी द्यायला लागलेले. आणि मग तीच कंपनी म्हणाली, आम्ही मशीन देतो, पैसा देतो, फक्त एक्कावन्न टक्के आमचे. स्वयंपाकघरात तुम्ही बाजरीची भाकरी मोडत बसलाय आणि हे समोर उभे, हे मला आज लिहितानाही दिसतंय.

"एक्कावन म्हंजे कारखाना त्यांचा," तुम्ही म्हणता.

"नाव आपलं, माणसं आपली, जागा आपली. आणि त्या खोलीत परत कुणाला पाठवायला नको, आण्णा."

"बारूद आपली आणि काडीपेटी दुसऱ्याच्या खिशात, असं चालत न्हाई."

"पावडरीतलं एक रसायन तर आत्ताही बाहेरूनच घेतो की आपण."

"इकत घेनं येगळं. इकलं जानं येगळं."

हे हट्टानं म्हणाले, एकदा त्यांना भेटा तरी. तुम्ही म्हणालात, बोलाव, घरी जेवायला बोलाव. आईंनी दोन दिवस आधीपासून तयारी करून मासवडी केली. तीळ-खोबऱ्याचं सारण, तांबडा रस्सा. कंपनीचा एक वयस्कर साहेब आला आणि बोलणं समजावून सांगायला मुंबईची एक वकील मुलगी. साहेब पाटावर मांडी घालून बसला, गुडघे दुखत असणार पण बोलला नाही. रश्श्यानं त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी पानावरचं सोडलं नाही. आईंना तो आवडला. मलाही. जेवण अर्ध्यावर आल्यावर तुम्ही त्या मुलीला म्हणालात, "ताई, साहेबांना येकच इच्यारा. उद्या लढाई लागली आणि त्यांच्या सरकारनं सांगितलं, ह्यांना माल दिऊ नका, तर साहेब काय करनार?" तिनं सांगितलं. साहेबाचा हात थांबला. वकिलांनी शिकवलेलं काहीतरी गोलगोल उत्तर त्याला देता आलं असतं. तो तुमच्याकडं बघत हळूहळू बोलला आणि ती मुलगी म्हणाली, "ते म्हणतात, आम्हाला आमच्या देशाचा कायदा पाळावा लागेल. हे तुम्हाला आवडणार नाही, पण खोटं सांगत नाही." तुम्ही मान हलवलीत. "खरं बोलले. त्यांना म्हणावं, जेवा. सुनबाई, साहेबांना अजून वाढ." मी वाढलं. हे समोरच्या पाटावर होते, त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की संपलं.

पाहुणे गेले आणि तुम्ही दोघं ओसरीवर समोरासमोर आलात. हे म्हणाले, "तो खोटं बोलला असता तर?" तुम्ही म्हणालात, "तरी बी न्हाई." यांचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही बाकावर बसलेल्या एका माणसासाठी हे करताय, आण्णा. तो माणूस कधीच उठून गेला. आत्ता आपल्या फाटकाशी बाकावर एक बाई बसलीय, एका डोळ्याची. तिच्याकडं बघा ना." आईंनी दारातून 'अरे' म्हटलं. तुमचा चेहरा मी तसा त्याआधी बघितला नव्हता, नंतरही नाही. तुम्ही म्हणालात, "ज्याला देश टक्क्यांत मोजता येतो, त्यानं माझ्या कारखान्यात पाय ठिवू नये." वाक्य फार मोठं नव्हतं. तुमच्यासारखा माणूस नंतर एखादा चपलांचा जोड आणून ठेवेल, अशी मी वाट बघत राहिले. यांनीही बघितली असणार. तुम्ही काही आणलं नाहीत.

हे निघून गेले. त्याच कंपनीनं दुसऱ्या राज्यात नवा मोठा कारखाना उभारायला घेतला होता, तिथं लागले. जाताना मला विचारलं, "येतेस?" मी म्हणाले, कारखान्याच्या परवान्यावर केमिस्ट म्हणून माझं नाव आहे, आण्णा थकलेत, आपल्या पोरीची शाळा आहे. "म्हणजे तू त्यांच्या बाजूची." मी म्हणाले, "मी कुणाच्या बाजूची नाही हो, मी इथली आहे." यांनी पिशवी उचलली. आमचं भांडण झालं नाही कधी. फोन रोज यायचा. पण नवरा-बायको एका घरात राहून जी लहानसहान कुरबूर करतात, ती आमच्या वाट्याला आली नाही, आणि मला तिचीच फार उणीव भासली.

दिवाळीला हे यायचे. तुम्ही ओसरीवर, हे ओसरीवर, मधे पुरतं हातभरही अंतर नाही, आणि तुम्ही मला हाक मारून म्हणणार, "सुनबाई, त्याला इच्यार, च्या घेनार का." मी यांना विचारायचे. हे म्हणायचे, "त्यांना सांग, घेईन." मी सगळ्यांचा चहा टाकायचे. आई होत्या तोवर त्या मधेच रागावून दोघांनाही बोलायच्या, त्या गेल्यावर तेही राहिलं.

मंचरच्या दवाखान्यात तुम्ही शेवटचे चार-पाच दिवस होतात. यांना कळवलं, हे गाडी काढून आले. मी बाहेर थांबले, मुद्दाम, म्हणजे तुम्हा दोघांना बोलता येईल. दार उघडंच होतं. तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "गाडीनं आलास का येष्टीनं?" इतक्या वर्षांनी तुम्ही थेट यांच्याशी बोलला होतात.

"गाडीनं."

"खेडच्या घाटात गर्दी असंल."

"होती थोडी."

"बरं."

मग तुम्ही डोळे मिटलेत. हे तासभर बसले. पायावरचं पांघरूण एकदा सारखं केलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. स्मशानातून आल्यावर हे मागच्या पडवीत बसून म्हणाले, "त्यांनी मला घाटाचं विचारलं गं." आण्णा, तुम्ही माझ्यावर रागावलात तर रागवा, पण हे तुम्हाला सांगायचंच होतं. माणसाला शेवटी एवढं जवळ बोलावून घाटाचं विचारू नये.

तुमच्यामागं कारखाना मी चालवला. जमेल तेवढा. प्रेसच्या खोलीत जाड काचा बसवल्या, पाळ्या लहान केल्या, पण ते मशीन काही आलं नाही. शेवटी एका मोठ्या कंपनीची माणसं आली. आपल्याच देशातली. मी त्यांना तुमचाच प्रश्न विचारला. ते हसले. "बाई, आम्ही इथलेच, आम्हाला कोण थांबवणार?" मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं, असं मला वाटतं. सगळ्या बायकांना कामावर ठेवायचं कबूल करून घेतलं, वकिलाकडून दोनदा वाचून घेतलं आणि सही केली. सही करताना मला वाटलं, आण्णांचा शब्दही राहिला आणि बायकांची भाकरीही राहिली.

वर्ष उलटलं नसेल, आणि त्या मोठ्या कंपनीनं स्वतःचेच एक्कावन्न टक्के बाहेर विकायला काढले. घेणारी कोण, तर ज्यांचा साहेब आपल्या पाटावर बसून जेवला होता, तीच. टीव्हीवर भांडणं सुरू झाली. एक म्हणतो, दारूगोळ्याच्या चाव्या परक्याच्या हातात देणं म्हणजे सीमेवरच्या जवानाच्या पाठीत वार. दुसरा म्हणतो, पैसा आणि तंत्रज्ञान आणणार कुठून, देशभक्तीनं मशीन चालत नाही. पोरगी अवसरीच्या कॉलेजातून सुट्टीला आली होती. ती इंजिनियर होतेय, आण्णा, तुम्ही म्हणायचात तशी. टीव्ही बघता बघता तिनं विचारलं, "आई, आपण कुणाच्या बाजूचे?" त्या दोघांतला एक तुमचं बोलत होता, दुसरा यांचं. फक्त दोघंही इतक्या मोठ्यानं बोलत होते की तुम्ही किंवा हे त्यात ऐकूच येईनात. मी तिला म्हणाले, आवाज कमी कर.

दिल्लीनं परवानगी दिली, आणि अट घातली: फौजेचं काम देशातच झालं पाहिजे. ती अट त्यांनी पाळली, त्यांना नाव ठेवता येणार नाही. ते काम यांच्या तिकडच्या मोठ्या कारखान्यात न्यायचं ठरलं. तिथं माणसाशिवायची खोली आहे. देश मोठा आहे, आण्णा. आपला माळ वगळला तरी देश उरतोच. आपला कारखाना परवडत नाही, असं दोन ओळींत कळवलं. बायकांना कामावर ठेवायचं कबूल केलं होतं, ते कारखाना चालू असेपर्यंत, असं त्यांच्या वकिलानं मला शांतपणे समजावलं.

बंद करायलाही जाणता माणूस लागतो. भिंतींच्या फटींत, जमिनीच्या सांध्यांत पावडर बसलेली असते. ती रसायनानं मारून, धुऊन काढल्याशिवाय एक खिळाही उपटता येत नाही. ही जागा माहीत असलेला कंपनीत एकच होता. हे आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा महिनाभर घरी राहिले. फाटकापाशी पोचले आणि थांबले. मला वाटलं, काही विसरले. म्हणाले, "पाय ठेवू नकोस म्हणाले होते." फाटकावर हसरी होती, केस पांढरे झालेले. ती म्हणाली, "ठिवा, भाऊ. आता कोन इच्यारतंय." आणि हे आत गेले.

खोल्या यांनी स्वतः धुतल्या. दुसऱ्या कुणाला आत येऊ दिलं नाही. मी बांधाच्या अलीकडून बघायचे, वाकलेली पाठ तुमच्यासारखीच दिसायला लागलीय. शेवटच्या दिवशी बायकांनी एकमेकींना हळदी-कुंकू लावलं. हसरी माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला विचारलं, इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते, की तेव्हा मशीन आलं असतं तर. ती म्हणाली, "वहिनी, मशीन आली असती तर डोळा ऱ्हायला असता. पन मशीनीपाशी मला कशाला ठिवलं असतं त्यांनी? म्या तवाच घरी बसले असते. पोरींची लग्नं कशी झाली असती?" थोड्या वेळानं परत, "तरी बी. डोळा ऱ्हायला पायजे व्हता." मी तिचा दोन बोटांचा हात धरला.

प्रेसची खोली रिकामी झाल्यावर यांनी मला आत बोलावलं. तिथं आता खिळ्यांच्या चपला घालून, मंगळसूत्र घालून जाता येत होतं, आणि तेच बघवत नव्हतं. हे भिंतीला हात लावून उभे. म्हणाले, "आण्णांचा प्रश्न बरोबर होता. मी तेव्हाही म्हणत नव्हतो की चूक आहे." "पण माझाही बरोबर होता ना गं?" मी म्हणाले, "हो." यांनी डोळ्यांना रुमाल लावला. आण्णा, ते 'हो' माझं नव्हतं. ते तुमच्याकडून यायला हवं होतं, आणि मंचरला, घाटाच्या जागी. तुम्हाला कारखाना द्यावा लागला नसता. नुसतं एवढंच म्हणायचं होतं, की पोरा, तुझं बी खरं हाय.

हे परत गेले. निवृत्तीला थोडं राहिलंय, मग कायमचा येतो म्हणतात. येतील. वनखात्याचा माणूस येऊन सांगून गेला, बंद जागेत बिबट्या राहायला येतो, गवत वाढू देऊ नका. माणूस लावलाय.

हे सगळं लिहिलं खरं, पण मी ते कुणाला दाखवणार नाही, यांनाही नाही आणि पोरीलाही नाही. तुमच्यापर्यंत पोचायची तर वाटच नाही. फक्त एक गोष्ट राहिली. कुलूप लागलं त्या दुपारी मी घरी आले, हातपाय धुतले आणि रडायला म्हणून आतल्या खोलीत गेले. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी दिवसा कधी पाठ टेकली नव्हती. कान कायम माळाकडं. शेजारी कुणाच्या हातून हंडा पडला तरी मी आधी दारात येऊन तिकडं धूर दिसतोय का बघायचे. त्या दुपारी मी आडवी झाले, आणि रडायच्या आधीच मला झोप लागली. दिवेलागणीला यांनी हाक मारून उठवलं. इतकी गाढ झोप मला त्या दिवशी तरी लागायला नको होती, आण्णा. पण लागली.